रिपेअर झालं, पण हवा काढली का?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच जागी येतायत. कुणी वॉटर पंप बदललाय, कुणी रेडिएटर, कुणाचा होज पाईप फुटला म्हणून नवा टाकलाय, आणि काम झाल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त गरम व्हायला लागलीय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या वेळेला ठेवलेत आणि यावेळी फक्त कूलिंगचेच घेतलेत.

प्रश्न : नमस्कार ताई. माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. वॉटर पंपातून कूलंट गळत होतं म्हणून घराजवळच्या गॅरेजमध्ये पंप बदलून घेतला. गाडी घेऊन आलो त्याच संध्याकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर टोलनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये काटा एकदम वर गेला, घाबरून बाजूला घेतली तर पाचेक मिनिटांत काटा आपोआप खाली. परत चालवली की परत तेच. डॅशबोर्डच्या मागून गुळगुळ असा आवाज पण येतो. मेकॅनिक म्हणतो रेडिएटर पण गेलाय, नवा टाकावा लागेल. खरंच गेला असेल का?
(एक वाचक, मुलुंड)

उत्तर : रेडिएटर बदलायची घाई करू नका, आधी हे पूर्ण वाचा.

काम झाल्या झाल्या गाडी गरम होणं, काटा झपकन वर जाऊन आपोआप खाली येणं आणि डॅशबोर्डमागची गुळगुळ, ही तीन लक्षणं एकत्र दिसली की माझा पहिला संशय आत अडकलेल्या हवेवर जातो. गॅरेजमध्ये याला एअर लॉक म्हणतात. पंप काढताना कूलंट खाली सोडावं लागतं, ती जागा हवा घेते, मग नवीन कूलंट वरून ओतलं तरी ती हवा सगळीच वर येऊन निघून जाते असं होत नाही, कारण इंजिनाच्या आतले पाण्याचे रस्ते सरळ नसतात, ते वर चढतात, वळतात, परत खाली उतरतात, हीटरची छोटी जाळी तर डॅशबोर्डच्या आत बरीच वर बसवलेली असते, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडे जायची वाट तापमानानुसार उघडणारा व्हॉल्व्ह, थंड असताना बंद असतो त्यामुळे त्याच्या मागची हवा तिथेच कोंडून बसते. बादलीत उपडा पेला दाबला की आत हवा राहते ना, तसंच.

आता ही हवा एवढा त्रास का देते ते बघा. हवेतून उष्णता फार कमी जाते, पाण्याच्या तुलनेत साधारण पंचविसाव्या हिश्शाएवढीच, त्यामुळे हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवर बसणाऱ्या वरच्या भागात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास जिथे सगळ्यात जास्त तापतं नेमका तिथे बुडबुडा बसला तर तेवढा भाग कोरडा राहून भाजतो. शिवाय वॉटर पंप पाणी फेकायला बनवलेला असतो, त्याच्या तोंडाशी हवा आली की तो नुसता फिरत राहतो, पुढे काही ढकलत नाही. आणि तुमच्या काट्याचं म्हणाल तर टेंपरेचर सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. त्याच्यावर वाफ आली की काटा उडतो, बुडबुडा सरकला की खाली येतो. कधीकधी याच्या उलटही होतं, सेन्सर हवेत राहतो आणि हेड भाजत असताना काटा मधोमध शांत बसलेला असतो, हे जास्त धोक्याचं. म्हणून काटा खाली आला म्हणजे झालं असं समजून गाडी चालवत राहू नका, प्लीज. अॅल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं, हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकच्या मधलं सील) जातं, मग हेड उतरवून फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायचं म्हणजे खर्च कुठल्या कुठे जातो.

हवा काढायचं काम अवघड नाहीये, त्याला वेळ लागतो एवढंच. तुम्ही स्वतः केलंत किंवा मेकॅनिकसमोर उभं राहून करून घेतलंत तरी चालेल, फक्त क्रम चुकवू नका.

सुरुवात पूर्ण थंड इंजिनावर करायची, रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात बरी. गरम असताना कॅप उघडायची नाही म्हणजे नाही. आत दाब असतो, कॅप सैल केली की दाब एकदम पडतो आणि तापलेलं कूलंट तिथल्या तिथे उकळून हातातोंडावर येतं. जाड फडकं धरून हळूच उघडतो वगैरे पण नको. दुसरं, जागा मोकळी हवी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अर्धा-पाऊण तास इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कार्बन मोनॉक्साईड साठतो आणि त्याला वास नसतो. बाहेर कंपाउंडमध्ये गाडी अशी लावा की नाक वर राहील, गेटजवळ उतार असेल तर तोच वापरा, नाहीतर पुढची चाकं रॅम्पवर चढवा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. नाक वर अशासाठी की रेडिएटरचं तोंड ही सगळ्या सिस्टिममधली सर्वात उंच जागा व्हावी, हवा वरच जाणार आहे, तिला वरच वाट करून द्यायची.

मग एसी बंद, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर, ब्लोअर हळू. कूलंट ओतताना पातळ धार धरा, भसाभसा ओतलं की स्वतःसोबत आणखी हवा घेऊन जातं. मध्ये मध्ये थांबा आणि रेडिएटरचा वरचा जाड होज हाताने दाबा, सोडा, परत दाबा. प्रत्येक दाबाला तोंडाशी बुडबुडे फुटतात आणि पातळी बोटभर खाली जाते, मग पुन्हा थोडं ओता. रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसणारं उंच फनेल बाजारात मिळतं, ते घेतलंत तर फार सोपं पडतं, त्यात कूलंट अर्धं भरून ठेवलं की हवा वर येत राहते आणि तिची जागा घ्यायला वर कूलंट तयार असतं.

काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू दिलेला असतो, ब्लीड स्क्रू. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर, हीटरच्या होजवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात तो असतो, पितळेचा किंवा प्लास्टिकचा, एवढासाच. एक-दीड फेरा सैल करायचा. आधी नुसती फुस्स हवा येते, मग फेस आणि थांबत थांबत उडणारं पाणी, मग एका क्षणी सलग धार लागते ज्यात एकही बुडबुडा नसतो, तेव्हा लगेच बंद करायचा. प्लास्टिकचा असेल तर जोर लावू नका, डोकं तुटून आत राहतं. तुमच्या गाडीला तो आहे की नाही आणि कुठे आहे हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, मेकॅनिकला विचारा, नसेल तर वरच्या तोंडातूनच हवा काढायची.

आता इंजिन चालू करा आणि आयडलवर राहू द्या. पहिली काही मिनिटं फार काही होत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडायला लागतो, तोवर बहुतेक गाड्यांत वरचा होज कोमट असतो आणि मग एकदम चटका बसण्याइतका गरम होतो. त्याच वेळी फनेलमधली पातळी झपकन खाली जाते आणि मागोमाग मोठे बुडबुडे येतात. हाच सगळ्यात महत्त्वाचा क्षण आहे आणि घाईच्या गॅरेजमध्ये नेमकी याच्या आधीच कॅप लावून गाडी दिली जाते. इथून पुढे थोडं थोडं ओतत राहा, अधूनमधून रेस देऊन दोन-अडीच हजार आरपीएमवर काही सेकंद धरा, आणि रेडिएटरचा पंखा लागून बंद होईपर्यंत थांबा, मग दुसऱ्यांदा लागेपर्यंत थांबा. पंख्याजवळ हात, ओढणी, सैल बाही नको, तो कधीही सुरू होतो, काही गाड्यांत इंजिन बंद असताना सुद्धा. पंखा दोनदा लागला, बुडबुडे थांबले आणि व्हेंटमधून हीटरची हवा सलग गरम येतेय असं झालं की कॅप लावून इंजिन बंद करा.

एवढ्यावर काम संपत नाही. रात्रभर गाडी थंड झाली की कूलंट आकसतं आणि बाजूच्या बाटलीतून आत ओढलं जातं, म्हणून ती बाटली आधीच मिनिमम आणि मॅक्सिममच्या मध्ये भरलेली हवी, रिकामी असेल तर कूलंटऐवजी परत हवा आत जाणार. सकाळी थंड इंजिनावर कॅप उघडून बघा, कमी असेल तर भरा. पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी बघा. पातळी हलायची थांबली म्हणजे हवा निघाली.

एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, खाली काढलेलं कूलंट मोजून ठेवा. चार लिटर निघालं आणि परत भरताना अडीचच लिटर बसलं तर उरलेलं दीड लिटर हवा आहे, त्याला दुसरं तिसरं कारण शोधायला नको.

(ज्यांच्या गाडीत रेडिएटरला कॅपच नाही, बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीलाच दाबाची कॅप आहे, त्यांची हवा बरीचशी त्या टाकीतून आपोआप बाहेर पडते, पण तिथेही हीटर, थर्मोस्टॅट आणि दुसऱ्या दिवशी सकाळची तपासणी चुकत नाही. आणि नव्या टर्बो गाड्यांत, हायब्रीडमध्ये विजेवर चालणारा जादा पंप असतो, काहींत तो स्कॅनर लावून चालवावा लागतो, तिथे घरी हात घालू नका.)

तुमच्या रेडिएटरचं म्हणाल तर हे सगळं झाल्यावर, पंखा नीट चालत असताना आणि पातळी टिकून असताना सुद्धा गाडी गरम झाली तरच त्याच्यावर संशय घ्या. मेकॅनिकला भांडायला जाऊ नका, फक्त विचारा की हीटर गरमवर ठेवून हवा काढली होती का आणि पंखा लागेपर्यंत थांबला होतात का. उत्तर त्यातच मिळेल.

प्रश्न : मुंबईत हीटर कोण लावतं हो? माझ्या गाडीत पुढचं कार्पेट ओलं व्हायचं, तेव्हा मेकॅनिकने हीटरचे दोन्ही पाईप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून टाकले. आता रेडिएटर बदलायचाय. हवा काढताना याचा काही प्रॉब्लेम येईल का?
(एक वाचक, परळ)

उत्तर : प्रॉब्लेम नाही, हवा अडकायची एक जागा कमीच झाली तुमची. फक्त जोड नीट बघून घ्या, तिथे चांगल्या जुबिली क्लिप आहेत का, रबर फुगलंय का. आणि पाईप जोडलेले ठीक आहेत, पण ते बूच मारून बंद केलेले नसावेत, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना कूलंट फिरतं ते त्याच वाटेने.

बाकीच्यांसाठी सांगते, मुंबईत हीटर लागत नाही हे खरं पण हीटरची जाळी ही छोटा रेडिएटरच आहे आणि ती कूलिंगचाच भाग आहे. काही जुन्या गाड्यांत तिच्या वाटेवर केबलने उघडणारा व्हॉल्व्ह असतो आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं कोणी नॉब हलवत नाही म्हणून तो गंजून तसाच अडकतो. नॉब गरमवर नेलात, गाडी तापल्यावर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) जाणारे दोन बारके होज हाताने चाचपलेत आणि एक गरम, एक थंड लागला तर व्हॉल्व्ह उघडलेला नाही, जाळी चोक झालीय किंवा तिथेच हवा अडकलीय. नवीन गाड्यांत बऱ्याचदा व्हॉल्व्ह नसतोच, कूलंट सतत फिरतं आणि आत फक्त झडप हलते, तरीही हवा काढताना नॉब गरमवर ठेवायचा, त्याने काही बिघडत नाही.

आणि हीटर ही फुकटातली टेस्ट आहे. आयडलला व्हेंटमधून थंड हवा आणि रेस दिली की गरम, असं होत असेल तर आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे. भर ट्रॅफिकमध्ये काटा चढायला लागला तर एसी बंद करून हीटर फुल गरमवर आणि काचा खाली, घाम निघेल पण इंजिनाची थोडी उष्णता बाहेर जाते आणि बाजूला घेईपर्यंत वेळ मिळतो.

प्रश्न : ताई, माझी जुनी गाडी आहे. मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढूनच टाकला. म्हणाला मुंबईत थंडी कुठे आहे, थर्मोस्टॅट नसला की हवा पण अडकत नाही आणि गाडी पण गरम होत नाही. बरोबर आहे का?
(एक काका, बोरिवली)

उत्तर : काका, हवेबद्दल तो निम्मं बरोबर बोलला, थर्मोस्टॅट नसेल तर त्याच्यामागे हवा कोंडत नाही. बाकीचं मला पटत नाही आणि हा प्रकार मुंबईत सर्रास चालतो म्हणून जरा स्पष्टच लिहिते. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिनाला त्याच्या ठरलेल्या तापमानावर ठेवायला असतो. तो काढला की इंजिन तापायलाच खूप वेळ घेतं, फ्युएल इंजेक्शनची गाडी असेल तर कंप्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे आणि तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, अॅव्हरेज पडतं, आणि ऑइलमधला ओलावा उडून जायला लागते तेवढी उष्णता मिळत नाही. बोरिवली ते कांदिवली अशा छोट्या फेऱ्या असतील तर तर नाहीच मिळत.

त्यातून बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर ती वाट कायमची उघडी, म्हणजे थोडं कूलंट रेडिएटरकडे न जाताच परत इंजिनात फिरतं, आणि घाटात लोडवर गाडी उलट जास्त गरम होते.

नवा टाकून घ्या, फार महाग वस्तू नाहीये. त्याच्या चकतीवर किती डिग्रीला उघडतो तो आकडा कोरलेला असतो. बसवायच्या आधी पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, थर्मामीटर असेल तर कितीला उघडला ते डोळ्यांनी दिसतं. चकतीवर एक बारकी हलणारी पिन असेल तर ती बसवताना वरच्या बाजूला यायला हवी, ती दिलीय हवा जाण्यासाठीच, आणि खाली फिरवून बसवली तर तिचा काही उपयोग नाही. हवा अडकते म्हणून थर्मोस्टॅट काढायचा हे बरोबर नाही, हवा काढायची.

प्रश्न : माझ्या गाडीत टेंपरेचरचा काटाच नाहीये, फक्त निळा आणि लाल दिवा आहे. गरम होतेय हे आधी कळणार कसं?
(एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : निळा म्हणजे इंजिन अजून थंड, दोन्ही बंद म्हणजे नॉर्मल, लाल म्हणजे जास्त तापलंय. मधलं काहीच कळत नाही आणि ही सोय मला अजिबात आवडत नाही. पण काटेवाल्यांनीही निश्चिंत राहू नये, पुष्कळ गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो की बऱ्याच डिग्रींच्या फरकात तो मधोमधच राहतो, हलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा (गाडीच्या कंप्युटरमधली माहिती वाचायचा) सॉकेट असतो, आपल्याकडे २०१३ नंतरच्या गाड्यांत तो मिळेलच. त्यात बसणारा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या, मोबाईलवर अॅपमध्ये कूलंटचं तापमान आकड्यात दिसतं. साधारण ८५ ते १०० च्या मध्ये वरखाली होणं, ट्रॅफिकमध्ये पंखा लागला की उतरणं, हे नॉर्मल. आकडा एकदम पंधरा-वीसने पडला आणि परत चढला तर सेन्सरवरून बुडबुडा गेला असं समजा. गाडी चालवताना मोबाईलकडे बघू नका, शेजारच्याला बघायला सांगा. आणि लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, तासभर तरी कॅपला हात लावू नका, तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

प्रश्न : हेड गॅस्केट नाही, फक्त रेडिएटर बदललाय. तीनदा हवा काढून झाली. प्रत्येक वेळी बुडबुडे येतच राहतात, थांबतच नाहीत. गॅरेजवाला म्हणतो चालवत राहा, आपोआप निघेल.
(एक वाचक, चेंबूर)

उत्तर : नीट केलेल्या कामात बुडबुडे कमी कमी होत थांबतात. तीनदा करूनही थांबत नसतील तर ही अडकलेली हवा नसून कुठूनतरी नवीन येतेय, आणि 'चालवत राहा' हा सल्ला कृपा करून ऐकू नका.

कूलंट बाहेर गळतंय का ते आधी बघा, कारण गाडी थंड होताना जिथून कूलंट बाहेर जातं तिथूनच हवा आत ओढली जाते. हातपंप आणि गेज लावून प्रेशर टेस्ट करतात, कॅपवर जेवढा दाब लिहिलेला असतो, बहुतेक एक बारच्या आसपास, तेवढा थंड इंजिनात भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं बघायचं. काटा उतरला तर गळती आहे, टॉर्च घेऊन शोधा. कॅपचीही टेस्ट करा. कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, तिच्यामुळे आत दाब राहतो आणि कूलंट उशिरा उकळतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ डिग्रीच्या आसपास उकळतं, एक बारच्या कॅपखाली १२५ च्या वर. रबर गेलेली कॅप हा फरकच घालवून टाकते.

गळती नसेल तर मग हेड गॅस्केटकडे बघावं लागेल, कारण रेडिएटर गेला तेव्हा गाडी चांगलीच तापली असेल आणि गॅस्केट तेव्हाच सुटलं असू शकतं. गॅस्केट सुटलं की सिलिंडरमधला जळलेला गॅस कूलंटमध्ये घुसतो आणि वर बुडबुडे दिसतात. थंड गाडी चालू केल्या केल्या, काही गरम व्हायच्या आधीच वरचा होज दगडासारखा कडक होतो का ते बघा. सायलेन्सरमधून तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आहे का (पावसाळ्यात छोट्या फेऱ्यांनी थोडा थर असाही जमतो, तेवढ्यावरून ठरवू नका). खात्री करायची तर ब्लॉक टेस्ट. निळं केमिकल भरलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा त्यातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. कूलंट त्या नळीत शिरू द्यायचं नाही, त्याने टेस्ट चुकते.

ही टेस्ट स्वच्छ आली, प्रेशर टिकलं आणि तरी हवा निघत नाही असं झालं तर ज्या वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूम फिलर आहे तिथे जा. कंप्रेसरच्या जोरावर तो आतली जवळजवळ सगळी हवा आधी बाहेर ओढतो, होज पिचकून चपटे होतात, काही मिनिटं तो व्हॅक्यूम टिकतो का बघतात आणि मग व्हॉल्व्ह फिरवून कूलंट आत सोडतात. हवेला राहायला जागाच उरत नाही. आडव्यातिडव्या पाईपांच्या गाड्यांना मी हाच मार्ग सुचवते.

प्रश्न : मुंबईत बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? हवा काढताना सारखं वरून ओतावं लागतं तेव्हा साधं पाणी टाकलं तर? आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं.
(एक ताई, घाटकोपर)

उत्तर : टँकरचं तर नकोच. ते बहुतेक बोअरवेलचं असतं, क्षार भरपूर, आणि तापलं की तेच क्षार आतून थर धरतात, किटलीत धरतात तसेच. महापालिकेचं तलावाचं पाणी त्यामानाने बरं, पण त्यातही क्लोरिन आणि थोडे क्षार असतातच. मिश्रण करायचं तर डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर घ्या, बॅटरीत टाकतात ते, कुठल्याही स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मिळतं. कूलंट बर्फासाठीच नसतं, ते उकळणं लांबवतं आणि त्यातल्या केमिकलमुळे अॅल्युमिनियमचं हेड, रेडिएटर, पंपाचं सील गंजण्यापासून वाचतात. बाटलीवर रेडी टू यूज लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं निम्मं.

रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरवं, गुलाबी, निळं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, वेगळ्या जातीची एकत्र झाली की कधी कधी आत गाळ होतो. गाडीच्या पुस्तकात जे स्पेसिफिकेशन आहे तेच घ्या. अडीअडचणीला रस्त्यात पिण्याची बाटली ओतावी लागली तर ओता, त्याने इंजिन वाचतं, पण घरी आल्यावर ते काढून नीट मिश्रण भरा आणि पुन्हा हवा काढा.

एक कळकळीचं सांगणं, काढलेलं कूलंट गटारात किंवा कंपाउंडच्या कोपऱ्यात ओतू नका. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, खाली सांडलेलं कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांच्या किडन्या जातात. कॅनमध्ये भरून झाकण लावा, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि जुनं ऑइल उचलणाऱ्या वर्कशॉपला द्या. सांडलेलं असेल तर माती टाकून उचला आणि वर भरपूर पाणी मारा.

प्रश्न : गणपतीला चिपळूणला गावी जायचंय. काल खालचा होज पाईप बदलला, हवा काढली असं गॅरेजवाले म्हणतायत. परवा पहाटे निघायचंय, घरचे पाच जण आणि सामान. निघू का?
(एक वाचक, लालबाग)

उत्तर : त्यांच्या शब्दावर निघू नका, तुमच्याकडे अजून दोन सकाळी आहेत त्या वापरा. आज संध्याकाळी गाडी मुद्दाम ट्रॅफिकमध्ये न्या, एसी लावून तासभर चालवा, पंखा लागतोय का ऐका, डॅशबोर्डमागे गुळगुळ आहे का ऐका, हीटर दोन मिनिटं लावून गरम हवा सलग येते का बघा. उद्या सकाळी थंड इंजिनावर पातळी बघा, नवीन होजच्या दोन्ही क्लिपांभोवती पांढरट किंवा रंगीत डाग आहेत का बघा, क्लिप सैल वाटली तर थंड असतानाच आवळा. कमी झालेलं भरा आणि बाटलीवर स्केचपेनने रेघ मारून ठेवा. उद्या पण थोडी चालवा आणि परवा निघताना ती रेघ बघा.

पातळी रेघेवर असेल तर निघा, सोबत त्याच जातीचं एक लिटर कूलंट, दोन लिटर पाणी आणि टॉर्च ठेवा. कशेडीला बोगद्यातून न जाता घाटातून जाणार असाल तर चढावर खालचा गिअर ठेवा, इंजिन थोडं रेसमध्ये राहिलं की पंप जोरात फिरतो आणि कूलंट खेळतं राहतं. पाच जण आणि सामान असताना वरच्या गिअरमध्ये रेटत नेलं तर इंजिन जास्त तापतं. पातळी रेघेच्या खाली गेली असेल तर मात्र ही गाडी यावेळी ठेवा, एसटीने किंवा ट्रेनने जा, आणि आल्यावर प्रेशर टेस्ट करून घ्या.